गिराणाची जवारी

ते ग्रहण मी निदान शंभर वेळा तरी सांगितलं असेल. शाळांतून, वाचनालयांच्या व्याख्यानांतून, एकदा तर लग्नाच्या मांडवात, वऱ्हाड यायला उशीर झाला म्हणून. कडुनिंबाखाली पडलेल्या सूर्याच्या कोरी, चाळणीतून भिंतीवर उतरलेले दीड-दोनशे सूर्य, आणि भर दुपारी बोरीच्या आकाशावर चढलेली ती राखाडी कळा. लोक खूश होतात. पोरं प्रश्न विचारतात. मी उत्तरं देतो आणि घरी येऊन जेवतो. त्या गोष्टीतला अर्धा भाग मात्र मी दर वेळी गाळत आलो आहे. गाळायचं कारण साधं आहे, मला त्याची लाज वाटते. आता वय झालं, आणि तो भाग ठाऊक असलेली माणसं एकेक करून गेली. म्हणून लिहून ठेवतो.

मी मूळचा मानवतचा. शिकलो परभणीला, निझामाच्या राज्यात, म्हणजे सगळं उर्दूतून. सूर्यमालेला आम्ही निज़ाम-ए-शम्सी म्हणायचो. मग पोलीस ॲक्शन झाली, शाळा मराठी झाल्या, आणि मी मास्तर होऊन उभा राहिलो तेव्हा माझी अशी गत की मला सूर्य कळत होता, पण मराठीत सांगता येत नव्हता. शेवटी मी पंचांगातून शब्द उचलले. ग्रहणाचा स्पर्श, मध्य, मोक्ष. माझा एक सोबती चिडवायचा की निझाम गेला, पण तुझा निज़ाम-ए-शम्सी काही जायला तयार नाही. खरंच नव्हता. शनीभोवती कडं आहे आणि ते दगडगोट्यांचं आहे, हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी मला जेवण गेलं नव्हतं.

त्या वेडात एक खोट होती. मी तापट होतो. आपल्याला कळलेलं दुसऱ्याला कळत नाही असं दिसलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. अज्ञानाशी भांडतोय असं मला वाटायचं, आणि भांडायला समोर सापडायचा तो कुणीतरी गरीबच. हे मला तेव्हा दिसत नव्हतं.

बोरीला माझी बदली झाली तेव्हा निझामाचं राज्य जाऊन सहा-सात वर्षं झाली होती. शाळा देवळाच्या ओवरीत भरायची आणि तिला लागूनच माझं भाड्याचं दोन खणांचं घर. अंगण एकच, आणि त्यात एक थोरला कडुनिंब. माझ्या बायकोला आई नव्हती, त्यामुळे पहिलं बाळंतपण माहेरी न होता बोरीतच झालं. भाद्रपदाचे दिवस, नदी भरलेली, जिंतूरला दवाखान्यात न्यायचं तर गाडी पलीकडे जाईना. मूल पोटात आडवं आलं होतं. तेव्हा गावच्या सुइणीला बोलावलं. ती मांगवाड्यातली, साठीला टेकलेली, नवरा वारलेला, दोर वळून आणि केरसुण्या बांधून राहणारी. गावातली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मलेली होती. तिनं तेलाचा हात पोटावरून फिरवत फिरवत, कधी दरडावत, कधी गाणं म्हटल्यासारखं बोलत, मूल वळवलं. दुपार कलली तेव्हा माझी मुलगी रडली. मी बाहेर कडुनिंबाला टेकून बसलो होतो. पृथ्वी सूर्यापासून किती लांब आहे हे मला पाठ होतं, आणि आत आपली बायको जगते की मरते हे मला सांगता येत नव्हतं.

बारा दिवस ती बाई आमच्या घरात होती. तिनं बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घातलं, शेक दिला, बाळाचं डोकं तेल चोळून गोल केलं. तेराव्या दिवशी शेजारच्या बायकांनी घरभर गोमूत्र शिंपडलं, आणि तेव्हापासून ती आली की कडुनिंबाखाली उभी राहायची. तिथूनच पोरीची खुशाली विचारायची. बायको पोरीला उंबऱ्यात आणून दाखवायची. मी घरातच होतो. धूमकेतूला शेपूट का असते यावर तासभर बोलणारा मी, त्या शिंपडण्यावर एक शब्द बोललो नाही. घरमालक नाराज होईल, भाड्याचं घर जाईल, असा हिशेब मनात होता. वर मी तिला अगं-तुगं करायचो. ती माझ्या आईपेक्षा मोठी होती.

त्या वर्षी कार्तिकी अमावास्येला सूर्यग्रहण आलं. दूर दक्षिणेत सूर्याचं कंकण दिसणार होतं. आमच्याकडे अर्ध्याच्या आसपास झाकणार होता. मी मास्तर झाल्यावरचं हे पहिलं नीट दिसणारं सूर्यग्रहण, आणि तेही शाळेच्या वेळात. मी पंधरा दिवस आधीपासून हवेत होतो.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे ग्रहणाला गिरान म्हणत. गिरान लागलं की मांगवाड्यातली माणसं टोपल्या आणि धडुती घेऊन गावातून फिरत आणि हाळी देत, "दे दान, सुटे गिरान." राहू-केतू त्यांच्यातले, त्यांना दान पोचलं की ते सूर्याला सोडतात, अशी समजूत. दारोदार त्यांच्या पदरात जवारी पडे. तेवढ्या दिवसापुरतं त्यांना कुणी हाकलत नसे.

ग्रहणाच्या आठवडाभर आधी ती सुईण कडुनिंबाखाली येऊन माझ्या बायकोशी बोलत होती. तिची लेक बाळंतपणाला आली होती आणि नुकतीच मोकळी झाली होती. जावई उसाच्या तोडीला नगरकडे आधीच गेला होता, आणि मुकादमाचा निरोप होता की अमावास्या झाली की मायलेकींनी यावं, कोयते कमी पडायलेत. सुगीच्या दिवसांत सुईण स्वतः तापानं पडली होती, खळ्यावर गेली नव्हती, आणि खळ्यावर न येणाऱ्याचं बलुतं घरी आणून देणारा अजून जन्माला यायचा होता. घरात जवारी नव्हती. तेव्हा तिचा सगळा जीव गिराणावर. गाव बरं देईल, नवी जवारी घरोघर आलीय, मग लेकीला सव्वा महिना तरी घरात निजवता येईल. नाहीतर ओल्या अंगानं उसात न्यावी लागेल. बायकोनं हे मला जेवताना सांगितलं. मी ऐकलं आणि हूं म्हटलं. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

त्याच संध्याकाळी मी मारुतीच्या पारावर गावकऱ्यांना गोळा केलं. कंदील म्हणजे सूर्य, लिंबू म्हणजे चंद्र आणि पृथ्वी म्हणून माझं स्वतःचं डोकं. लिंबू डोळ्यासमोर धरून मी म्हणालो की आता बघा, एवढंसं लिंबू एवढा मोठा कंदील झाकतं, कारण लिंबू जवळ आहे. चंद्र सूर्यापेक्षा चारशे पट लहान, आणि जवळजवळ चारशे पटच जवळ. म्हणून आकाशात दोघं एका मापाचे दिसतात. तसं दिसलंच पाहिजे असा नियम कुठं नाही. दुसऱ्या ग्रहांना भलेथोरले चंद्र आहेत, पण असं नेमकं माप क्वचितच जमतं. पुढे मला कळलं की आपला चंद्रही दर वर्षी दोनेक बोटं लांब सरकतोय, आणि फार फार पुढे असा दिवस येईल की तो सूर्याला पुरता झाकूच शकणार नाही. आपण मधल्या काळात जन्मलो, म्हणून आपल्याला हे दिसतं. मी आजही हे सांगतो तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो.

मग मी मुसळाकडे वळलो. गिरान लागलं की परातीत पाणी घालून मुसळ ठेवायचं, ते आपोआप उभं राहतं आणि गिरान सुटलं की पडतं, अशी गावाची खात्री होती. मी परात मागवली आणि त्या साध्या मंगळवारी, आकाशात काही नसताना, मुसळ उभं करून दाखवलं. बूड सपाट असलं की कधीही उभं राहतं. लोक हसले. मला चढलं.

गावातले सगळ्यात मोठे शेतकरी पुढेच बसले होते. दोन विहिरी, चार बैलजोड्या, आणि खळं असं की त्यात माणूस हरवावा. त्यांनी तंबाखू मळत शांतपणे विचारलं, "मंजी गुर्जी, दान दिलं काय अन् न्हाई दिलं काय, सूर्य सुटनारच?"

"सुटणारच. मिनिट सांगतो."

"अन् न देनाऱ्याला काही दोष?"

"कसला दोष? एक दाणा द्यायची गरज नाही."

हे माझे शब्द. कुणी माझ्या तोंडी घातले नाहीत. त्यांनी मान डोलावली, आणि एवढा मोठा माणूस आपलं ऐकतोय म्हणून मी फुलून गेलो.

ग्रहणाच्या दिवशी निम्मी पोरं घरच्यांनी डांबून ठेवली होती. जी आली त्यांना मी अंगणात उभं केलं. सूर्याकडे बघायचं नाही, पाठ करायची, अशी सक्त ताकीद. बायकोची पिठाची चाळणी मी भिंतीसमोर धरली. प्रत्येक भोकातून एकेक सूर्य भिंतीवर उतरला, आणि प्रत्येकाच्या कडेला चंद्रानं एक चावा घेतलेला. मग एका पोरानं खाली बघितलं. कडुनिंबाच्या पानांच्या फटीफटीतून तेच चाललं होतं. सबंध अंगणभर हजारो कोरी. वारा आला की हलायच्या, थांबला की थांबायच्या. मी पोरांना सांगितलं की हा उजेड आठ मिनिटांपूर्वी सूर्यावरून निघाला, वाटेत चंद्रानं थोडा अडवला, बाकीचा इथं आपल्या पायाशी पोचला. एवढं सुंदर मी आयुष्यात थोडंच पाहिलं आहे.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाला हाळी ऐकू आली. "दे दान, सुटे गिरान."

ती एकटीच होती. लेक घरी निजलेली, म्हणून सोबतीला कुणी नाही. डोक्यावर टोपली, हातात धडुतं. माझ्या अंगणातून त्या मोठ्या शेतकऱ्यांचं दार दिसायचं. ती तिथं थांबली. ते स्वतः बाहेर आले आणि ओसरीवरून त्यांनी तिला सगळं समजावून सांगितलं. चंद्र मधी येतो, सावली पडते, मग चंद्र बाजूला होतो. दानाचा अन् सूर्याचा काही संबंध न्हाई. गुर्जीनं लिंबू घिऊन दावलंय. एक चूक नाही. माझ्या वर्गातल्या कुठल्याही पोराला तो धडा इतका चोख आला नव्हता. मी पोरांसमोर चाळणी धरून उभा होतो, आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला अभिमान वाटला.

पुढच्या दारी तेच, त्याच्या पुढच्याही दारी तेच. "गुर्जीनं सांगितलंय." घराघरांतून माझंच नाव निघत होतं. कुणी तिला हिडीसफिडीस केलं नाही. सगळ्यांनी सूर्यमाला समजावली.

ती आमच्या अंगणात आली तेव्हा टोपलीच्या तळाला मूठभर जवारी असेल नसेल. माझी बायको सूप भरून दारात उभीच होती. सकाळीच तिनं ती जवारी निवडून ठेवली होती, हे मला नंतर कळलं. उंबऱ्यापर्यंत कडुनिंबाची सावली येत होती, आणि त्या कोरी सुपातल्या जवारीवर हलत होत्या. बायकोनं पाऊल पुढे टाकलं. पोरं माझ्याकडे बघायला लागली. आठवडाभर मी जे ओरडून सांगितलं ते माझ्याच दारात मोडणार होतं.

मी बायकोला म्हणालो, "आत घेऊन जा ते."

ती थांबली. मी पुन्हा म्हणालो, आवाज चढवून. ती आत गेली. जाताना तिनं माझ्याकडे बघितलंही नाही.

मग मी त्या बाईकडे वळलो आणि बोलू लागलो. हे सगळं खोटं आहे, अजून तासाभरानं चंद्र आपोआप बाजूला होईल, तुझ्या ओरडण्यानं काही होत नाही, पोरांसमोर असलं सोंग आणू नकोस. एक पोरगं फिस्सकन हसलं. तिनं टोपली खाली ठेवली. ती रागावली नव्हती. हट्टी मुलाला समजवावं तशी बोलली.

"आमच्या वरडन्यानं सूर्य सुटतो असं मी कुटं म्हनलं, गुर्जी? त्यो त्याचा सुटतोय. माज्या आज्जीला बी ते ठावं होतं. पर ह्या दिशी गाव आमाला हून देतंय, हात पसरावा लागत न्हाई. हक्काचं हाय ते."

मी आकाशाबद्दल बोलत होतो आणि ती जवारीबद्दल बोलत होती, एवढं मला कळलं, पण कळलं तसं माघार घेण्याची माझ्यात हिंमत नव्हती. समोर वीस पोरं होती. मी चाळणी पुन्हा भिंतीसमोर धरली.

तिनं टोपली उचलली आणि जाता जाता विचारलं, "मंग पुन्यांदा गिरान कवा हाय, तेवढं सांगा. तुमाला ठावं आसंल."

इथं मी जे केलं त्याची लाज मला सगळ्यांत जास्त वाटते. जवारी न देण्याला निदान तत्त्वाचं पांघरूण तरी होतं. मी तिला, पोटाला नसलेल्या त्या बाईला, ग्रहणांचं चक्र शिकवायला लागलो. अठरा वर्षं आणि अकरा दिवस झाले की सूर्य, चंद्र आणि पृथ्वी पुन्हा जवळजवळ त्याच ठिकाणी येतात, आणि हेच ग्रहण पुन्हा लागतं. पण त्यात दिवसाचा एक तृतीयांश भाग जास्तीचा असतो, तेवढ्यात पृथ्वी गिरकी घेते, म्हणून ते आपल्याकडे न दिसता भलत्याच मुलखात दिसतं. अशा तीन फेऱ्या झाल्या, की ते परत आपल्या अंगणात. चौपन्न वर्षं आणि एक महिना. मी बोटांवर मोजून दाखवलं. मधे दुसरी ग्रहणं येतात, चंद्रग्रहणंही येतात, हे सांगायचं माझ्या ध्यानातही आलं नाही. मला ते चौपन्नच सुंदर वाटत होतं.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "तवा मी न्हाई ऱ्हायची," आणि गेली.

सूर्य वेळेवर सुटला. मिनिटाचा फरक पडला नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पोरं घरी गेली आणि मी मोठ्या रुबाबात गावातून चक्कर मारायला निघालो. बघतो तर काय, सगळं गाव अंघोळ करत होतं. बायका घागरींतलं साठवणीचं पाणी ओतून देत होत्या. दुपारचं शिजलेलं अन्न गुरांपुढे टाकलं जात होतं. पोटुशी सून गिरान सुटेपर्यंत हलली नाही म्हणून एक सासू तिचं कौतुक करत होती. त्या मोठ्या शेतकऱ्यांच्या ओसरीवर परात होती, परातीत पाणी होतं, आणि मुसळ. "उभं ऱ्हायलं होतं बरं का, गुर्जी," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात चिडवणं मुळीच नव्हतं. त्यांना दोन्ही पटलं होतं.

माझ्या धड्यातून गावानं नेमका तेवढाच भाग घेतला होता, जो घेतल्यानं कणगीतली जवारी जागची हलत नव्हती. बाकी सगळं गिरान जसंच्या तसं पाळलं गेलं. मी घरी आलो. बायकोनं ताट वाढलं, बाजूला ठेवलं आणि पोरीला घेऊन पाठ करून बसली. मी बोलायला गेलो तर एवढंच म्हणाली, की हिची नाळ जिनं कापली तिला आपण लिंबाचा खेळ दाखवला. मी जेवलो नाही. त्या रात्री मी अंथरुणात बायकोकडे तोंड करून निजू शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी दोन पायल्या जवारी पिशवीत घेतली आणि मांगवाड्यात गेलो. बोरीत राहून इतके महिने झाले होते, तिथं माझी ती पहिलीच खेप. तिचं घर विचारत जावं लागलं. लेक गोधडीवर बसून मुलाला पाजत होती, चेहरा पांढराफटक. मुलाचं डोकं माझ्या मुलीच्या डोक्यासारखंच गोल केलेलं होतं. म्हातारी कोयत्याला दोरी गुंडाळत होती. दोन बोचकी बांधून दारात ठेवलेली. मी पिशवी पुढे केली आणि कसाबसा म्हणालो की कालचं राहून गेलं होतं.

तिनं पिशवीकडे बघितलं. "काल गिरान होतं, गुर्जी. काल घेतलं आस्तं. आज घेतलं तर ती भीक हुईल."

मी म्हणालो की भीक समजू नका, लेकीसाठी ठेवा. आयुष्यात पहिल्यांदाच मी तिला अहो-जाहो केलं, तेही गरज माझी होती म्हणून. ती हसली. कडवट नाही, साधंच. माझी पोरगी कशी आहे, अंगावर पिते ना, विचारलं. तेल खोबऱ्याचं लावू नका, थंडी आहे, तिळाचं लावा म्हणाली. पिशवीला तिनं हात लावला नाही. मी ती तशीच परत घेऊन आलो, गावातून, सगळ्यांच्या देखत.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या मायलेकी मुकादमाच्या गाडीत बसून गेल्या. बाळंतीण लेक मधे, पदराखाली मूल. मी वर्गात होतो. पोरांना उजळणी लिहायला लावून मी खिडकीतून बघितलं.

ऊसतोडीच्या टोळ्या अक्षय तृतीयेच्या सुमारास परततात. त्याआधी मी पालमला बदली मागितली. पोरीला इथलं पाणी मानवत नाही, असं कारण अर्जात लिहिलं. पोर ठणठणीत होती. त्या म्हातारीला तोंड दाखवायचं धैर्य माझ्यात नव्हतं, म्हणून मी पळालो. त्या थंडीत उसाच्या पाचटात ती लेक कशी राहिली, ते मूल वाचलं का, हे मला आजतागायत माहीत नाही. विचारलं असतं तर कळलं असतं. मी विचारलं नाही.

पुढे त्याच समाजातली शिकलेली पोरं म्हणू लागली की असलं मागणं बंद करा, त्यानं आपण खाली राहतो. हळूहळू ती हाळी थांबली. माझ्या एका व्याख्यानानंतर कुणीतरी म्हणालं की बघा, तुम्ही तेव्हा म्हणत होता तेच झालं. मी सुटकेचा निःश्वास टाकावा अशी त्याची अपेक्षा असावी. पण त्यांनी मान ताठ ठेवून सोडणं वेगळं, आणि त्यांच्या हातात दुसरं काही नसताना मी बंद पाडणं वेगळं. एवढा फरक कळायला मला खगोलशास्त्राची गरज नव्हती. माणसात राहण्याची होती.

चौपन्न वर्षं आणि एक महिना झाला. संक्रांतीचा दुसरा दिवस. तेच ग्रहण, तीन फेऱ्या करून, परत आमच्याकडे आलं. मी परभणीत मुलीकडे राहत होतो. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. नातवंडं काळे चष्मे लावून गच्चीवर गेली. मी स्वयंपाकघरातून सूप घेतलं, त्यात जवारी ओतली आणि फाटकाशी खुर्ची टाकून बसलो. हे वेडेपण आहे हे मला कळत होतं. गल्लीत सामसूम होती. लोक दारं लावून टीव्हीवर ग्रहण बघत होते. स्पर्श झाला, मध्य झाला. हाळी आली नाही. येणार नव्हतीच.

मुलगी मला शोधत खाली आली. तिच्याही केसांत आता पांढरं होतं. तिनं सूप बघितलं आणि विचारलं की हे कुणासाठी. मग मी तिला सगळं सांगितलं. कंदील, लिंबू, तिच्या आईचं आत जाणं, परत आणलेली पिशवी. ती फाटकाला धरून उभी होती. मला वाटलं ती रागावेल, किंवा म्हातारा झाला म्हणून सोडून देईल. तिनं यातलं काहीच केलं नाही.

तिनं विचारलं, "बाबा, त्यांचं नाव काय होतं?"

मला गुरूच्या चंद्रांची नावं पाठ आहेत. सत्तावीस नक्षत्रांची आहेत, त्यांतल्या ठळक ताऱ्यांची अरबी नावंही आहेत. बारा दिवस ती आमच्या घरात होती आणि आम्ही तिला सुईण म्हणत होतो. मी तिचं नाव कधी विचारलंच नव्हतं.